दवाखान्यातला कागद कोणाचा?



मी कायदेपंडित नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण मजुरांच्या हजेरीपटाने केले. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती मजुरी, हे मी तेथे शिकलो. आजचा विषयही कागदाचाच आहे. सरकारी दवाखान्यातला कागद कोणाचा?

या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जो वाद झाला, त्यातील पक्षकार आपल्याच जिल्ह्याचे होते. मे 2006 मध्ये नवापूरचे नेते सुरूपसिंग नाईक यांना आरागिरण्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सांगितली. कैदेतील बरेच दिवस त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात काढले. तेव्हा शैलेश गांधी या नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. रुग्णालय म्हणाले, ही खासगी बाब आहे. राज्य माहिती आयोगाने कागद द्या म्हणून सांगितले आणि नाईक उच्च न्यायालयात गेले.

ते खरोखर आजारी होते की नव्हते, हा आपला विषय नाही. कैदीही आजारी पडतो. प्रश्न एवढाच, की हे विचारावयाचा अधिकार लोकांना आहे काय?

मार्च 2007 मध्ये न्यायमूर्ती रिबेलो आणि सावंत यांनी निकाल दिला. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येत नाही, हा कायद्यातलाच मापदंड त्यांनी लावला. शिक्षा झालेल्या कैद्याचे कागद सार्वजनिक हितासाठी मागितले, तर एरवी ते द्यावेत. नाकारायचे तर मात्र कारणे नोंदवावीत. वैद्यक परिषदेचे गुप्ततेचे नियम माहितीच्या कायद्याहून वरचढ नाहीत.

हे ऐकून टाळी वाजवावीशी वाटेल. पण थांबा. आमच्या संघटनेतल्या एका ऊसतोड मजुराच्या क्षयरोगाचा कागद एका दवाखान्यातून मुकादमाच्या कानावर गेला. मुकादमाने त्याला टोळीतून काढले. उचल मात्र वसूल केली. त्या दिवशी मला कळले, की गुप्तता ही श्रीमंतांचीच चैन नव्हे, ती गरिबाचीही भाकरी आहे.

मग रेघ कोठे ओढावयाची? माझ्या मते अशी: आजार रोग्याचा, कारभार लोकांचा. औषधांचा साठा, खरेदीची बिले, डॉक्टरांची हजेरी, रुग्णवाहिकेची लॉगबुके, हे आपले कागद. कुपोषित बालकांच्या वजनांचे आकडे नावे वगळून मागता येतात. कायद्याचे कलम 10 तेवढ्यासाठीच आहे. नावाच्या आडोशाने अख्खी वही झाकणे म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता सावध व्हावयाचे कारण सांगतो. ज्या मापदंडावर तो निकाल उभा होता, तो 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने पोटकलमातून काढून टाकला. वैयक्तिक माहिती म्हटले, की नकार देणे आता सोपे झाले. तरीही कलम 8 चे दुसरे पोटकलम शिल्लक आहे: सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठे ठरले, तर माहिती देता येते. पण ते हित आता आपण अर्जात सांगितले पाहिजे. कोणी आपणहून शोधून देणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. अक्राणीच्या डोंगरातल्या दवाखान्यात औषध मिळाले नाही, तर नुसते बोल लावून घरी जाऊ नका. दहा रुपयांचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही पडत नाहीत. कोणत्या महिन्याची कोणती वही हवी ते लिहा आणि का हवी तेही लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर अपील करा. आणि शेजाऱ्याच्या आजाराचा कागद कोणी तुमच्यापुढे उघडला, तर तो मिटून परत द्या. हे दोन्ही आपण करू शकलो, तरच हा कायदा आपला.