वरचा जबडा आणि नाकाचा श्वास

तोंडाचें जें छत, तीच नाकाची जमीन. या दोन दालनांमध्यें टाळूच्या हाडाचा पातळसा पडदा आहे. म्हणून वरच्या जबड्यावर केलेली शस्त्रक्रिया दातांपुरती राहत नाहीं. तिचा परिणाम श्वासावरहि घडतो.

महाड-पोलादपूरच्या परिसरांत या विषयास विशेष महत्त्व आहे. मुंबई-गोवा महामार्ग येथूनच जातो, आणि पोलादपुराहून आंबेनळीच्या घाटानें वाहनें महाबळेश्वरास जातात. अपघातांत चेहऱ्यास जबर मार बसला असतां वरचा जबडा बहुधा ठराविक रेषांवर भंगतो. या रेषा रेने ल फोर या फ्रेंच शल्यवैद्यानें मृतांच्या कवट्यांवर प्रयोग करून १९०१ सालीं दाखवून दिल्या. त्यांपैकीं सर्वांत खालच्या रेषेवरच, वांकडा वाढलेला जबडा आज शल्यवैद्य मुद्दाम कापून योग्य जागीं बसवितात.

जबडा वर सरकविला कीं नाकाची जमीन उंचावते. गाळानें सावित्रीचा तळ वर आला म्हणजे पाणी तुंबतें, हें महाडकर जाणतात. तसाच श्वासहि तुंबेल अशी भीति वाटणें साहजिक आहे. परंतु नाकांतील सर्वांत अरुंद जागा पुढें, नाकपुडीच्या किंचित् आंत असते. शस्त्रक्रियेनें नाकपुड्यांचा पाया रुंदावला तर ती जागा मोकळी होऊन पुष्कळांचा श्वास उलट सुलभ होतो. मात्र नाकाच्या मधल्या पडद्याची खालची कड त्या मानानें छाटावी लागते. नाहींतर पडदा वांकून एक बाजू चोंदते. जबडा पुढें घेतल्यास टाळूमागील वाटहि रुंदावते. झोपेंत श्वास अडणाऱ्या कांहीं रुग्णांवर म्हणूनच हा उपचार करतात.

जपावयाचें तें पहिल्या कांहीं आठवड्यांत. नाक सुजेनें व खपल्यांनीं दाटलेलें असतें. त्यांत दांतांच्या ओळी तारेनें बांधलेल्या असल्यास तोंडाची वाटहि अडते. अशा रुग्णाच्या उशाशीं तार कापण्याची पकड असावी, आणि वांती झाल्यास वा श्वास कोंडल्यास तार कोठें कापावयाची, हें घरच्यांनीं डॉक्टरांकडून आधींच शिकून घ्यावें. नाक जोरानें शिंकरूं नये. सूज ओसरल्यावरहि एक नाकपुडी बंदच राहिली, तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञास दाखवावें.

नाक चोंदण्याची जुनी तक्रार असेल तर ती शस्त्रक्रियेपूर्वींच सांगावी. दांत जुळले एवढ्यानें काम पुरें होत नाहीं. रुग्णास रात्रीं तोंड मिटून स्वस्थ निजतां आलें पाहिजे.