प्रार्थनेची चाल बांधणारे वसंत देसाई



मुखेडच्या शाळेत सकाळची घंटा होते, लेकरं रांगेत उभी राहतात आणि प्रार्थना सुरू होते. ती लिहिली कोणी, चाल कोणाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. पण आपल्या शाळांतून म्हटल्या जाणाऱ्या दोन हिंदी प्रार्थना मुळात चित्रपटांतल्या आहेत, आणि दोन्हींच्या चाली एकाच मराठी संगीतकाराने बांधल्या. त्यांचे नाव वसंत देसाई.

सावंतवाडीच्या मुलखात सोनवडे गावी १९१२ साली त्यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात ते कोल्हापूरला प्रभात कंपनीत गेले. अभिनय, गाणे, साथ, पडेल ते काम करीत संगीत शिकले. १९४२ साली व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर काढले, तेव्हा तेही तिकडे गेले. ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’ यांचे संगीत त्यांचे. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’चेही त्यांचेच.

पहिली प्रार्थना १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली. एक जेलर सहा खुनी कैद्यांना पडीक रानावर नेतो आणि कष्ट करून माणसात आणतो, अशी ती कथा. तिच्यामागे आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथील खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता. शब्द भरत व्यासांचे, आवाज लता मंगेशकरांचा. आता पाहा, प्रार्थना आहे चुकलेल्या माणसांची. तिथे ताना-मुरक्या कशा शोभतील? म्हणून चाल साधी ठेवली. शब्द स्वच्छ कळतात आणि न शिकलेल्या गळ्यालाही ती झेपते.

दुसरी १९७१ च्या ‘गुड्डी’तली. शब्द गुलजारांचे, गायिका वाणी जयराम. या चालीला केदार रागाचा आधार आहे. केदार म्हणजे बड्या गवयांच्या बैठकीतला राग. पण पाचवीतले पोर रागाचे नावही न ऐकता तो गाऊन जाते!

साधे बांधायचे ते अवघड येत नव्हते म्हणून नव्हे. १९५९ च्या ‘गूंज उठी शहनाई’त त्यांच्या संगीतात बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई वाजली. १९६६ साली सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रसंघात जे मैत्रीचे संस्कृत गीत गायिले, त्याची चालही त्यांचीच. एवढा व्याप सांभाळून ते शाळकरी मुलांना समूहगान शिकवीत.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. चाली मात्र शाळांच्या अंगणात राहिल्या.

गुरुजनहो, एवढे करा. प्रार्थना फार वरच्या पट्टीत उचलू नका. लहान गळे ताणतात आणि गाण्याचा ओरडा होतो. एकेक ओळ आधी म्हणून दाखवा, अर्थ सांगा, मग सगळ्यांकडून म्हणवून घ्या. चाल बांधणाराचे नावही एकदा सांगा. आणि ज्या लेकराचा सूर लागत नाही, त्याला “तू गप्प उभा राहा” असे म्हणू नका. सर्वांनी मिळून म्हणण्यासाठीच या चाली आहेत. त्यात त्याचाही वाटा आहे.