परशुरामाचा बाण सुटला तो डोंगर
गोव्यातल्या मांद्रेची पुळण परशुरामाच्या बाणाने समुद्राकडून मिळवली, ही कथा पेडण्यात कोणाला नवी नाही. पण बाण सुटला कुठून? बागलाण भागातली माणसे साल्हेर किल्ल्याच्या डोंगराकडे बोट दाखवतात.

नाशिक जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेजवळ उभा असलेला हा काळ्या कातळाचा डोंगर १,५६७ मीटर उंच. महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल तोच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आडवे थर त्याच्या कड्यांवर दिसतात. माथ्यावर परशुरामाचे छोटे मंदिर.

कथेपेक्षा इतिहास मात्र अधिक रोमहर्षक. १६७२ मध्ये मराठा सेनानी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी इथे मुघलांना हरवले, तेही उघड्या मैदानात. गनिमी काव्यात मुरलेल्या फौजेने!

२०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेरही आहे.