पूर्णविराम कुणी दिला?

मैत्रिणींनो, बाहेर स्वारगेटच्या गाड्यांचा गोंगाट आहे, मोठ्यानंच बोलते. विषयही बायकांनी गप्प बसण्याचाच आहे!

करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 14. 'सगळ्या मंडळ्यांत असंच' अशा अर्थाचे शब्द 33व्या वचनात आहेत. मागे जोडले, तर देव शांतीचा, हे सगळीकडचं ठरतं. पुढे जोडले, तर बायकांची चुप्पी सगळीकडची. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्द सलग, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. पूर्णविराम नंतरच्या पंडितांनी दिला, बहुतेक पुरुषांनीच. म्हणून केडगावच्या पंडिता रमाबाई मला मोठ्या वाटतात. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी स्वतः बायबल मराठीत आणलं. त्या 1922 साली गेल्या, ग्रंथ 1924 साली निघाला.

पूर्णविराम हलवला तरी 'गप्प बसा' उरतंच, हे खरं. मग 11वा अध्याय उघडायला सांगा. तिथे बायका प्रार्थना करतात, संदेश देतात. पौलाची तक्रार फक्त पदराबद्दल आहे.