वाड्यावरचा माणूस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला आपल्याकडे बहुधा आहार, बचत, मुलांचा अभ्यास किंवा एखादी संत कवयित्री असा विषय असतो. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, “निळू फुले.” त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला. “अहो, तो सिनेमातला दुष्ट माणूस? आपल्या मंडळात?” मी म्हटले, “हो, तोच. आणि तो आपल्या मंडळात आधीच येऊन गेला आहे, म्हणूनच बोलावयाचे आहे.”

मागल्या कोजागिरीची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. दूध आटत होते, मुलांचे कार्यक्रम चालले होते. एका मुलाने डोक्यावर तिरपी टोपी घातली, खांदा थोडा पाडला, आवाज खरखरीत केला आणि एका बाईला वाड्यावर बोलावण्याचे ते वाक्य म्हटले. नकलाकारांनी ते वाक्य निळूभाऊंच्या नावावर कायमचे चिकटवून टाकले आहे. आपण सगळ्या पोट धरधरून हसलो. मीही हसले, खोटे कशाला सांगू? माझ्या शेजारी खुर्चीवर माझी मावशी बसली होती. वय शहाऐंशी. ती काही हसली नाही. हातातला दुधाचा पेला तिने खाली ठेवला आणि म्हणाली, “मला घरी ने.” त्या रात्री तो पेला तसाच राहिला. मुलाचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे.

आता थोडे त्या माणसाविषयी.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० साली पुण्यात झाला. घरची स्थिती बेताची. सतराव्या वर्षी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी म्हणून लागले. पगार ऐंशी रुपये, आणि त्यांतले दहा रुपये दरमहा राष्ट्र सेवा दलाला. आपण घरखर्च चालवणाऱ्या बायका आहोत, ऐंशीतून दहा म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. स्वतःची रोपवाटिका काढावी अशी त्यांची इच्छा होती, पण भांडवल जमले नाही. जमले असते तर पुण्यात एक चांगला माळी झाला असता आणि आपला मराठी पडदा एका मोठ्या नटाला मुकला असता.

सेवा दलाच्या कलापथकातून ते रंगमंचावर आले. १९५७ च्या निवडणुकीच्या सुमारास त्यांनी स्वतः एक लोकनाट्य लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ मधल्या भूमिकेने लोक त्यांना ओळखू लागले. मग शंकर पाटलांचे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आले आणि ते खेडोपाडी गेले. पहिला चित्रपट १९६८ चा, अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’. त्यातले झेलेअण्णा लोकांनी असे काही डोक्यावर घेतले, की पुढे पाटील, सरपंच, सावकार, कारखान्याचा चेअरमन, जो जो म्हणून गावाच्या मानेवर बसणारा होता तो तो निळूभाऊंच्या वाट्याला आला. मराठी आणि हिंदी मिळून अडीचशेच्या आसपास चित्रपट त्यांनी केले. सगळेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. कितीएक तर केवळ त्यांच्यासाठीच बसून पाहावे लागले.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती १९७६ साली, आमच्या कराडजवळच्या गावी, जत्रेतल्या तंबूत. गाठ म्हणजे पडद्यावरचीच. तंबूत एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, खाली आपापली पोती नाहीतर घोंगडी. खेळ होता ‘सामना’. डॉ. जब्बार पटेल यांचा चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचे. आदल्याच वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. आम्हांला बर्लिनचे काय! निळू फुले आहेत म्हटल्यावर तंबू भरला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचे, सगळ्या पंचक्रोशीचे धनी. एक दारूने खचलेला म्हातारा मास्तर, डॉ. श्रीराम लागू, त्यांच्या गावात येतो. हिंदुराव त्याला घरी आणतात, खाऊ घालतात, आपले वैभव दाखवतात. आणि तो मास्तर एकच प्रश्न विचारीत राहतो: मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले? बस्स, एवढाच प्रश्न. पण त्या प्रश्नाने सारा डोलारा हलू लागतो.

तोवर आम्ही पाहिलेले खलनायक कसे असत? मिशा पिळणारे, डोळे वटारणारे, गडगडाटी हसणारे. तो पडद्यावर आला की पोरेसुद्धा ओळखत, हा वाईट. हिंदुराव तसा नव्हता. तो हळू बोले. पाहुण्याची विचारपूस करी. त्याला ओरडण्याची गरजच नव्हती, कारण ज्याचे ऐकावेच लागते त्याला आवाज कशाला चढवावा लागेल? पापण्या अर्धवट मिटून तो समोरच्याकडे पाही, तेवढ्यात त्या माणसाचे मोल ठरलेले असे.

खेळ चालू असता माझ्या शेजारी मावशी अगदी गप्प झाली. एरवी ती तंबूत मोठमोठ्याने शिव्या घालणारी बाई. परतताना बांधावरून चालताना ती एकदम म्हणाली, “पोरी, त्या नटानं असला माणूस जवळनं बघितलाय. नुसत्या ऐकीव गोष्टीवर असं बोलता येत नाही.”

त्या वाटेवर तिने मला पंधरा वर्षे पोटात ठेवलेली हकीकत सांगितली. आज तिच्या परवानगीने ती इथे सांगते आहे.

१९६१ साली काका वारले. मावशी तेवीस वर्षांची, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. जमीन तीन एकर. सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हावयाची होती. गावात एक बडे गृहस्थ होते. तलाठी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. त्यांनी गड्याकडून निरोप धाडला: दिवेलागणीला वाड्यावर या, कागद करून टाकू. मावशी गेली, पण भर दुपारी. बरोबर सासूबाई, कडेवर मूल. सोप्यावर चारचौघांत बसली. ते गृहस्थ फार गोड बोलले. बशीतून चहा आला. मुलाच्या हातावर खडीसाखर ठेवली. “तुम्ही उन्हात कशाला आलात, संध्याकाळी यायचं होतं,” एवढेच म्हणाले.

कागद झाला नाही. पुढची चार वर्षे झाला नाही. मावशी दर पंधरवड्याला कराडच्या कचेरीत पायी जाई आणि पायरीवर बसून राही, तेव्हा कुठे नोंद झाली. “त्यानं मला कधी बोटसुद्धा लावलं नाही,” ती म्हणाली, “मग गाऱ्हाणं काय सांगणार, आणि सांगणार कुणाला? पण त्या चार वर्षांत रोज दिवे लागले की मी दाराला आतनं मुसळ लावत होते.”

भगिनींनो, हे गाऱ्हाणे कुठल्या चावडीवर नोंदता येत नव्हते, ते तिने त्या तंबूत पडद्यावर पाहिले. निळूभाऊंनी ते गोड बोलणे, ती खडीसाखर, जशीच्या तशी समोर आणून ठेवली होती. मला वाटते, त्यांचा मोठेपणा यात आहे. त्यांनी वाईट माणसाला राक्षस केले नाही. राक्षस केला की आपण सुटतो, कारण राक्षस काही आपल्या गावात राहत नाही.

या कामाची किंमत त्यांनी चुकती केली. पुष्कळ बायकांना पडद्यावरचा माणूस तोच खरा वाटे. त्यांच्या नावाने गावोगाव बोटे मोडली गेली. ज्याने आयुष्यात कष्टकऱ्यांची बाजू सोडली नाही, त्याच्याकडे पाहून बायकांनी पदर सावरावा, यापरते दुर्दैव ते कोणते! आणि तरीही ते असे रंगवीत राहिले.

एकाच साच्याचे नट होते असे मात्र समजू नका. १९७२ साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ मध्ये ते सखाराम झाले. टाकून दिलेल्या बायका घरी आणून ठेवणारा तो बुकबाइंडर. कमलाकर सारंगांनी नाटक बसवले, लालन सारंग चंपा झाल्या. नाटक अडवले गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आमच्या घरी त्या नाटकाचे नावही काढावयाची बंदी होती, म्हणून मी ते पुढे पुस्तकातच वाचले. प्रयोग पाहिला नाही याची चुटपुट अजून आहे. १९७९ च्या ‘सिंहासन’ मध्ये तर ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. मंत्र्यासंत्र्यांची सगळी लबाडी पाहणारा, आणि शेवटी ते पाहणेच सहन न होणारा माणूस. तिथे त्यांच्या हाती सत्ता नाही, नुसती झोळी आहे, आणि तरी डोळे त्यांच्यावरून हलत नाहीत. १९८४ च्या ‘सारांश’ या हिंदी चित्रपटात पुन्हा ते पुढारी झाले, गजानन चित्रे, एका म्हाताऱ्या जोडप्याला आणि त्यांच्या घरी राहणाऱ्या गरोदर मुलीला छळणारे. त्यातही आवाज खालचाच.

१९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण माझ्या मनात त्याहून दुसरी गोष्ट घर करून आहे. डॉ. लागू आणि ते, म्हणजे ‘सामना’ तले मास्तर आणि हिंदुराव, पडद्याबाहेर एकाच बाजूला उभे होते. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी ‘लग्नाची बेडी’ चे प्रयोग झाले, त्यांत हे दोघेही होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही त्यांनी आपले नाव आणि वेळ दिला.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाने ते गेले. मी वर्तमानपत्र मावशीला वाचून दाखवले. माळीकामाची, ऐंशी रुपयांतल्या दहा रुपयांची हकीकत तिला तेव्हा प्रथमच कळली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तो वाड्यावरचा नव्हताच. वाड्याबाहेर उभा राहून बघत होता.”

आता पुन्हा कोजागिरीकडे येते. त्या मुलाने नक्कल चांगली केली होती. पण त्याने ज्याची नक्कल केली तो निळू फुले नव्हे. नकलेची नक्कल होती ती. मूळच्या कामात जी भीती होती ती गळून गेली आणि नुसती गंमत उरली. हसू नका, असे मी कुणाला म्हणत नाही. हसण्याने भीती कमी होत असेल तर हसावेच. पण आपल्या हसण्यात कुणी एक पेला खाली ठेवला, तो आपण कुणी पाहिला नाही, मीसुद्धा नाही. घरी पोचल्यावर मला कळले.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक विनंती मांडली होती, ती मान्य झाली आहे. येत्या महिन्याच्या चौथ्या शनिवारी दुपारी तीन वाजता याच सभागृहात ‘सामना’ दाखवावयाचा आहे. खुर्च्या कमी आहेत, तेव्हा ज्यांना खाली बसता येते त्यांनी आपापल्या सतरंज्या आणाव्यात. सासवा-सुनांनी बरोबर यावे, पुरुषमंडळींनाही मज्जाव नाही. त्या मुलाला मी स्वतः घरी जाऊन बोलावून आले आहे. त्याची अट एकच आहे, मावशींच्या शेजारची जागा त्याला हवी. मावशी म्हणते, येऊ दे, पण टोपी घरी ठेवून ये म्हणावं.