माळवदावर कोण चढणार?



आज आपल्यापैकी काही जण बऱ्याच दिवसांनी पिंगळीतल्या घराचं कुलूप काढून इथे आले आहेत. म्हणून त्या घराबद्दलच बोलतो.

आपल्याकडचा जुना वाडा म्हणजे जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, त्यांवर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात खाली गारवा. पण ही माती दरवर्षी माणूस मागते. मृगाआधी वर चढायचं, गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, नवी माती पसरून पाण्याला उतार द्यायचा. हे चुकलं की पाणी मुरतं, तुळईचं टोक भिंतीत कुजतं आणि एक दिवस खण खाली येतो. वरून सिमेंट ओतलं तर ओझं वाढतं आणि ओल आतच कोंडते.

पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांनी १८०७च्या सुमारास बांधला. पेशवाई गेली, पण १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ मध्ये आगीत पूर्वेकडचा भाग जळाला, तो लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. धनी गेले तरी माणसांचा राबता राहिला, म्हणून वाडा टिकला.

आपणही रिकाम्या खोलीत अभ्यासिका चालू द्यावी, गरजू कुटुंबाला राहू द्यावं. लाकूड विकण्याआधी भावकीने एकदा एकत्र बसावं. माळवदाचं काम जाणणारी म्हातारी माणसं आहेत तोवर आपली पोरं त्यांच्यासोबत वर चढावीत, एवढीच विनंती.