मोटारशर्यत आणि आपले तरुण



तरुणांच्या वेगाच्या छंदास केवळ रागे भरून भागणार नाही, असे आम्हांस वाटते. हमरस्त्यावर वाटसरूंचे प्राण संकटात घालण्यापेक्षा त्यांनी चेन्नईनजीकचे इरुंगाट्टुकोट्टई वा कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे गाठावा. प्रारंभ गो-कार्टने करावा. शर्यतीचा परवाना, शिरस्त्राण व अग्निरोधक पोशाख यांवाचून स्पर्धेत उतरू नये. नवशिका वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतो आणि गाडी घसरते. वेग सरळ मार्गावरच कमी करावयाचा असतो. पिवळे निशाण दिसताच कोणास मागे टाकू नये. निळे दिसता मागील वेगवान गाडीस वाट द्यावी. (एवढी शिस्त आमच्या वर्गातही दुर्मीळच होती!) खर्च मोठा आहे, यास्तव पालकांनी गाडीपूर्वी शिक्षणाचे शुल्क भरावे.